एल्फ्रीडाबाईंचे गोळे आणि कुकरची शिट्टी

मी एक जुना, बटाटे दाबायचा साचा आहे. मित्रांनो, हसू नका. दोन लांब दांडे आणि मधे भोकांची वाटी, एवढाच माझा देह. उकडलेला बटाटा आत टाकून दांडे दाबले की खाली पांढऱ्या शेवया पडतात. त्या मळून जर्मन लोक मुठीएवढे गोळे वळतात आणि गरम पाण्यात शिजवतात.

माझ्या मालकीण एल्फ्रीडाबाई. त्यांच्या आईने मला जर्मनीतल्या थुरिंगियाहून ट्रंकेत घालून टेक्सासला आणलं. आईंच्या गोळ्याच्या पोटात लोण्यात परतलेले पावाचे तुकडे असत. बाईंचे यजमान बव्हेरियाकडचे. ते गोळ्याला क्नोडल म्हणत आणि पोटात काही भरणं म्हणजे लबाडी मानत. जाऊबाई तर आत आलुबुखार भरून वर साखर पेरायच्या. दर नाताळला भांडण ठरलेलं. आमटीत गूळ घालावा की नाही यावरून तुमच्याकडे होतं, तसंच. मी सगळ्यांचे बटाटे दाबले, पण माझं मत कुणी विचारलं नाही.

पुढे यजमान गेले. बाईंची बोटं संधिवाताने वाकडी झाली आणि मी खणात पडलो, रबरबँड आणि संपलेल्या सेलच्या संगतीत. तिथून मला शेजारच्या कांचनकाकूंनी सोडवलं. काकू निवृत्त डॉक्टर. ऐन होळीला त्यांचं पुरणयंत्र मोडलं म्हणून त्यांनी मला उसनं नेलं. डाळ आणि गूळ अंगातून गेला तेव्हा आधी लाज वाटली, मग चटकच लागली.

यंदा मात्र वाईट बातमी आली. एल्फ्रीडाबाई घर विकून मुलाकडे डेन्व्हरला निघाल्या.

"जाण्याआधी एकदा आईसारखे गोळे खायचे होते," त्या काकूंना म्हणाल्या. "पण हातच चालत नाहीत."

"मी करते ना!" काकू म्हणाल्या. गोळ्यांत अंडं नसतं हे कळल्यावर तर त्यांना जोरच चढला.

आणि इथेच घात झाला. बटाटे सालीसकट, बेताने उकडायचे असतात. काकूंनी सोलून, फोडी करून कुकरला लावले आणि चार शिट्ट्या काढल्या! माझ्यातून शेवया नाही, चिखल पडला. त्यातल्याच थोड्याचे गोळे वळून काकूंनी गरम पाण्यात सोडले. मी ओरडून सांगितलं असतं, पण देवाने मला भोकं दिली ती सगळी खालच्या बाजूला.

काकूंचे यजमान नरेंद्रकाका, त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं. "कांचन, गोळे कुठे गेले? ही तर पेज झाली!"

"आजी, दे लिटरली डिसॉल्व्ड," नात आन्या म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एल्फ्रीडाबाई, ठेवणीतला निळा ड्रेस घालून, वॉकर धरून उभ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घाबरू नका," काकू पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तशा म्हणाल्या. उरलेल्या चिखलात त्यांनी साबुदाण्याचं पीठ मळलं, पावाचे तुकडे भरले आणि पाण्याच्या वाटेला न जाता गोळे मोदकपात्रात ठेवले. हात सवयीचे गुलाम. प्रत्येक गोळ्याला सुबक कळ्या पडल्या होत्या.

ताटलीत ते आले, सोबत कटाची आमटी. एल्फ्रीडाबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी काट्याने एक गोळा फोडला. गोळा सुरीने कापायचा नसतो, ही त्यांच्या आईची शिस्त. आतून लोण्याचा वास आला. त्यांनी घास घेतला.

"आईने हे पाहिलं असतं तर ओरडली असती," त्या म्हणाल्या. डोळे पुसले. "आणि मग दुसरा मागितला असता."

असं म्हणून त्यांनी ताटली पुढे केली.

निघताना त्यांनी मला हातात घेतलं. बोटं माझ्या दांड्यांवर मिटेनात. "हा तुझ्याकडेच राहू दे, कांचन," त्या म्हणाल्या. "पण बटाट्याला कुकर नाही!" मला रडू आलं, मित्रांनो, पण साच्याचं रडणं कुणाला कळतं?

तेव्हा एवढं ऐका. मला धुतल्यावर लगेच पुसा. भोकांत गूळ राहिला की मुंग्या येतात आणि फार गुदगुल्या होतात. आणि शेजारी कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याला काय खावंसं वाटतं ते वेळेत विचारा.

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना मागे कुकरची शिट्टी झाली.

"कांचन!" डेन्व्हरहून एल्फ्रीडाबाई कडाडल्या.

"अगं, डाळ आहे ती!" काकू म्हणाल्या.

आत बटाटेच होते. मी कुणाला सांगितलं नाही. आता मीही या घरचाच आहे.