चार फुल्या

हौसाबाईंच्या जेवायच्या पाटाला मधोमध एक भोक आहे. गोल, स्वच्छ कडांचं.

अमेरिकेतल्या घरांतली वीज आपल्या विजेच्या निम्म्या जोराची असते.

छिन्नीला दोन हात लागतात. एक धरणारा, एक हातोडा मारणारा. दोघांचं आपसात पटावं लागतं.

डोंबिवलीत शुक्रवारी दिवसभर वीज नसे.

शेजारच्या विश्रामकडे विजेवर चालणारं ड्रिल आहे. त्याची वायर त्याच्या खोलीतून महिपतच्या मोरीपर्यंत आरामात पोचते. मध्ये फक्त महिपत.

*

"वायर कुठाय याची?" महिपतने खोकं उलटंपालटं करून पाहिलं.

"वायरच नाही, बाबा. तीच तर गंमत आहे." शालूने ड्रिल बाहेर काढून खाटेवर ठेवलं. "हे बोलले, बाबांसाठीच घेतलेलं. मुठीत बॅटरी आहे बघा."

शालूचा नवरा सीताराम जहाजावर फिटर होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात उतरून त्याने ते सासऱ्यासाठी आणलं होतं. चौऱ्याण्णवची संक्रांत. डोंबिवलीतल्या कोपरच्या त्या दोन खोल्यांत तिळगुळाचा डबा उघडा होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

महिपतने ड्रिल उचललं. ठाण्याला बाळकुमच्या कंपनीत तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. 'महिपत करेल' असं साहेब म्हणायचे आणि महिपत करायचा. चाळीतली, बिल्डिंगमधली निम्मी फडताळं, पडद्यांचे दांडे त्याने हौसेने ठोकून दिलेले. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला, तेव्हा कंपनीतून घरी आला तो आलाच. आता चहा कपात अर्धाच ओतावा लागे.

ड्रिलचं वजन हातात आलं, तसा हाताचा कंप थांबला. शालूने पाहिलं. हौसाबाईंनी पाहिलं.

"कशात मारू?" महिपतने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाट ओढला. बटण दाबलं. भुसा उडाला.

"अहो, पाटाला भोक? आता भात खाली गळेल की!"

"तुझा भात गळत नाही, हौसे. तो भिंतीला चिकटतो."

शालू हसून लोळली. हौसाबाईही हसल्या. मग भिंतीला धरत उठल्या, कारण गुडघे आता तसंच उठू देत होते. मोरीचा उंबरा वीतभर उंच होता. सकाळी आंघोळीला जाताना त्या आधी पाय उचलत, मग धरायला काही शोधत, आणि धरायला काही नसे. वर्षभर त्या एवढंच म्हणत होत्या, "तिथे एक दांडी लावा हो."

"आता लावतो," महिपत म्हणाला. मोरीत प्लग नव्हता, ओल्या जागी वायर ओढायची भीती होती, हातोडा-छिन्नी त्याच्या हाताला झेपत नव्हती. या एका वस्तूने तिन्ही अडचणी संपवल्या होत्या. त्याने कानावरची पेन्सिल घेतली आणि मोरीच्या भिंतीवर चार फुल्या मारल्या. दोन इकडे, दोन तिकडे.

"मग मारा ना भोकं," शालू म्हणाली.

"आणि दांडी? दुकानातली नळी नको, महिन्यात गंजते. सखारामला सांगतो. कंपनीत चांगला स्टीलचा रॉड कापून, टोकांना चकत्या लावून देईल. आधी दांडी, मग भोक. उलटं करायचं नसतं."

निघताना शालू दारात वळली. "आणि बाबा, हे बोललेत, चार्जर लावायच्या आधी मला विचारा म्हणावं."

"तीस वर्षं मशीनवर घातली मी. प्लग लावायला जावईबापूंना विचारू?"

*

संध्याकाळी सात वाजता त्याने चार्जर लावला. सात वाजून दोन मिनिटांनी घरात जळका वास होता.

हौसाबाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. महिपत काळ्या पडलेल्या चार्जरकडे बघत खाली बसला होता. चार्जरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एकशेदहा व्होल्ट लिहिलेलं होतं. आता दिसत होतं.

"शालूला सांगा. जावई दुसरा आणतील."

"येडी झालीस? जावयाने सातासमुद्रापलीकडून आणलं आणि सासऱ्याने त्याच दिवशी जाळलं? तोंड काय दाखवू?"

"मग?"

"मग काय. बॅटरीत आहे की. पाटात मारलं त्यात किती गेलं असेल? चार भोकांपुरती भरपूर आहे. जपून ठेवायची."

ड्रिल जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात हौसाबाईंच्या लुगड्यांखाली गेलं. डब्यातलं रॉकेल न वापरता ठेवलं तर तेवढंच राहतं. महिपतचा हिशेब तोच होता.

*

विश्राम फेब्रुवारीत एकदा विचारायला आला. "काका, बिनवायरीचं ड्रिल आलंय म्हणे. बघू तरी द्या."

"बघायची वस्तू नाही ती."

"बरं. मोरीतलं काम अडलंय ना, काकी बोलल्या. माझं घेऊन येऊ का? पाच मिनिटांचं काम."

"माझ्या घराच्या भिंतीला दुसऱ्याने भोक पाडायचं? अजून आहे मी."

विश्राम हसला आणि गेला. तो पुन्हा विचारायला आला नाही.

*

सखारामचा रॉड मे महिन्यात आला. आरशासारखा. महिपतने मोरीत स्टूल घेतलं, ड्रिलवरचा टॉवेल सोडला, पहिल्या फुलीवर टोक टेकवलं, बटण दाबलं.

अर्धा फेरा. मग काही नाही.

त्याने पुन्हा दाबलं. बॅटरी काढून सदऱ्याला पुसली, पुन्हा बसवली. फुलीच्या मध्यावर चुन्याचा एक कण तेवढा निघाला होता.

"झालं का हो?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"रॉड आखूड कापलाय गाढवाने," महिपत ओरडला. "परत पाठवावा लागेल."

हौसाबाई दारात आल्या. रॉड फुल्यांच्या शेजारी टेकवलेला होता. लांबी बरोबर होती. त्यांनी रॉडकडे पाहिलं, ड्रिलकडे पाहिलं, नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. तो हात पुन्हा हलू लागला होता.

"पाठवा मग," त्या म्हणाल्या. "घाई कुठाय."

रॉड कपाटामागे उभा राहिला.

*

ऑगस्टमधला बुधवार. सकाळचे आठ. मोरीत तांब्या पडल्याचा आवाज आला, त्याच्यामागून दुसरा, जड.

हौसाबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. सरकारी इस्पितळात अकरा दिवस. शेवटच्या दोन दिवसांत न्यूमोनिया. शालू उशाशी होती. महिपत पायाशी, चादरीची घडी सारखी करत.

*

तेराव्यानंतर दोन दिवसांनी महिपतने विश्रामचं दार वाजवलं.

"जरा येतोस का? ड्रिल घेऊन."

विश्राम वायर सोडत आला. वायर पोचली. मोरीबाहेर टॉवेलावर ते बिनवायरीचं ड्रिल पडलेलं होतं. विश्रामने उचलून बटण दाबून पाहिलं.

"उतरलीय. वापरलं नाही वाटतं?"

"एकदाच. पाटावर. बाकी जपून ठेवलेलं."

"काका, ह्या बॅटऱ्या नुसत्या ठेवल्या तरी उतरतात. वापरायच्याच असतात."

महिपतने मान हलवली.

विश्राम मोरीत वाकला. "मारू ना? या चार फुल्यांवर?"

महिपतने डोळे बारीक केले. त्याच्या फुल्या पाण्याने केव्हाच पुसट झाल्या होत्या. त्यांच्याखाली, चार बोटं अंतरावर, दुसऱ्या चार होत्या. वाकड्या, काजळाच्या. हौसाबाईंचा हात जिथे पोचत होता, तिथे.

"वरच्या नको," तो म्हणाला. "खालच्यांवर मार."

चार भोकं पडायला तीन मिनिटं लागली. भोकांत लाकडी गिट्ट्या ठोकून, स्क्रू आवळून झाल्यावर विश्रामने दांडी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. हलली नाही.

"पक्की झाली, काका. धरून बघा."

महिपतने धरली नाही. त्याने फडकं ओलं करून भिंतीवरचा चुरा पुसला, काजळ पुसलं जाणार नाही अशा बेताने, कडेकडेने.

संक्रांतीआधी, जहाज मुंबईला लागायच्या आदल्या दिवशी, सीतारामने बॅटरी पूर्ण भरून ठेवली होती.