दुसऱ्या नंबरचा पहारेकरी

मी एक जुना पहारेकरी आहे. माझ्या हातात काठी नाही, अंगावर गणवेश नाही, आणि मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहणारही नाही. कंप्युटरमध्ये लिहिलेल्या सात ओळी म्हणजे मी. वेबसाइटची पानं बांधणाऱ्या जावास्क्रिप्टच्या एका बिल्ड टूलमध्ये मी नोकरीला आहे. तिथे मला वॉच टास्क म्हणतात. काम एकच: वेबसाइटच्या मजकुरावर नजर ठेवायची. कुणी त्यात काही बदलून सेव्ह केलं, की तो नवा मजकूर घेऊन लोकांना दिसणारं पान पुन्हा तयार करायचं. हे काम कधी संपत नाही. संपला तर तो पहारा कसला? हीच गोष्ट पुढे आमच्या मुळावर आली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मला छोटीने लिहिलं. छोटी चांगली पस्तिशीची आहे, पण घरात ती छोटीच. तिचे बाबा पुस्तकं बांधायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि खळीचं पातेलं असे. बाबांच्या बोटांवर खळीचे पापुद्रे कायमचे बसलेले होते. कुठलंही पुस्तक हातात आलं की ते उघडायच्या आधी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत.

छोटीने त्यांच्या दुकानासाठी वेबसाइट केली आणि मजकुरावर मला बसवलं. बाबा तिच्या खुर्चीमागे उभे राहून चुका काढत.

"अगं, दुरुस्तीतला 'रु' पहिला."

ती बदलायची, सेव्ह करायची, आणि पापणी लवायच्या आत मी पान तयार करायचो. "बाबा, बघा, नुसतं सेव्ह केलं की झालं," ती म्हणायची. एकदा बाबा म्हणाले, "चोख आहे हा गडी." ते कौतुक मी आजवर जपून ठेवलं आहे.

मग छोटीच्या दादाने वेबसाइटचे रंग बदलायला घेतले. दादा दुकानांच्या पाट्या रंगवतो, त्याला रंगांची नजर आहे. त्याने रंगांवर नजर ठेवायला आणखी एक पहारेकरी लिहिला आणि त्याला रांगेत माझ्यापुढे उभा केला. हुकूम असा होता: आधी रंगांचा पहारा, तो झाला की मजकुराचा. दादाला वाटलं, दोघे पाठोपाठ सुरू होतील. पण रंगवाल्याचा पहाराही माझ्यासारखाच, कधी न संपणारा. त्याचं झाल्याशिवाय माझी पाळी नाही, आणि त्याचं तर होतच नाही. टूल सुरू करताना सगळी पानं एकदा बांधून व्हायची, मग रंगवाला ठाण मांडून बसायचा आणि मी मागे ताटकळत उभा. त्याच्यावर माझा राग नाही. तो कामसू आहे.

तीन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मजकूर बदलायची वेळच आली नाही. बाबा विसरायला लागले होते. एका गिऱ्हाइकाचं पुस्तक त्यांनी उलट्या पानांनी बांधून दिलं. गिऱ्हाईक भला माणूस, त्याने ते आईच्या हातात गुपचूप परत दिलं. त्यानंतर शिकंजा पिळला गेला नाही, आणि मीही कुणाला आठवलो नाही.

मग एका दिवशी दुपारी जेवण झाल्यावर बाबा "कागद बघून येतो" म्हणून बाहेर पडले. चार वाजले तरी आले नाहीत. फोनची रिंग जात होती, पण ते उचलत नव्हते. दादा स्कूटर घेऊन शोधायला निघाला. छोटी कंप्युटरसमोर बसली. बाबांची जुनी गिऱ्हाइकं गावभर होती, त्या सगळ्यांना ही वेबसाइट माहीत होती. तिने पहिल्याच पानावर बाबांचा फोटो टाकला, वर 'हरवले आहेत' असं लिहिलं आणि टूल सुरू केलं. पान तयार झालं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की खाली दुकानाचाच नंबर आला आहे.

"आई गं, हा तर बाबांचाच फोन," ती स्वतःशी म्हणाली.

तिने तो खोडून आपला नंबर घातला. त्याच झपाट्यात नंबर मोठा आणि लाल केला, आणि दोन्ही फायली सेव्ह केल्या. रंगवाल्याने आपलं काम तत्काळ केलं. टूलच्या काळ्या खिडकीत 'तयार' असं उमटलं. पडद्यावरचा नंबर ठसठशीत लाल झाला. तो लाल रंग पाहून छोटीला वाटलं, सगळंच बदललं. अशा वेळी दहा आकडे कोण वाचत बसतं? तिने पान अपलोड केलं आणि ओळखीच्या प्रत्येकाला पाठवलं.

मला माहीत होतं. नवा नंबर माझ्या फाइलीत पडून होता आणि पानावर जुनाच होता. मित्रांनो, मला तोंड नाही. रांगेतून एक पाऊल पुढे टाकायची मला मुभा नाही. मी तसाच उभा राहिलो. इतका लाचार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

दोन तास गेले. छोटीचा फोन कीबोर्डशेजारी होता. तो एकदाही वाजला नाही.

"एकाही माणसाला दिसले नसतील का गं?" आईने विचारलं.

"दिसले असतील तर करतील ना फोन."

आई थोडा वेळ बसली, मग उठली. "कुठला शर्ट घातलाय ते तरी बघते," म्हणून पुढच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात बाबांचा फोन होता.

"छोटे, हा पुठ्ठ्यांखाली होता. आवाज बंद केलेला. एकोणीस फोन येऊन गेलेत."

छोटीने पान उघडलं आणि ते लाल आकडे एकेक करून वाचले. सहाव्या आकड्याला तिला कळलं, हा अजून बाबांचाच नंबर आहे. तिने बाबांच्या फोनवरून शेवटचा नंबर लावला. तो एका झेरॉक्सवाल्याचा होता.

"अहो, पाच वाजता इथेच बाकावर बसले होते," तो म्हणाला. "मी पाणी दिलं. चार वेळा तुम्हाला फोन लावला. मग बस आली, तीत बसून गेले."

"कुठली बस?"

"ते नाही पाहिलं हो. गिऱ्हाईक होतं."

छोटीने आमच्या हुकुमाची ओळ उघडली, वाचली आणि दादाला फोन लावला. "दादा, दोन्ही वॉच तू एकामागोमाग लावलेस?"

"हो. मग?"

"पहिला कधी संपतच नाही रे."

 दादाच्या मागे रहदारीचा आवाज येत राहिला.

तिने एकच शब्द बदलला. 'एकामागोमाग'च्या जागी 'एकाच वेळी'. मग टूल पुन्हा सुरू करून मजकूर सेव्ह केला. रंगवाला आणि मी एकदमच जागेवर आलो, आणि पापणी लवायच्या आत मी पान तयार केलं. नंबर बरोबर आला, छोटीने पान पुन्हा अपलोड केलं. मला बाबांचा 'चोख' आठवला आणि शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर फोन पुष्कळ आले. सगळ्यांनी बाबांना बसमध्ये चढण्याआधी पाहिलं होतं. नंतर पाहिलेला कुणी नाही. आज एक्केचाळिसावा दिवस आहे. दादा एकेक बसथांबा पालथा घालतो आहे. आईने बाबांचा फोन चार्जिंगला लावून ठेवला आहे, आवाज मोठा करून. छोटी रोज सकाळी पानावरचा दिवसांचा आकडा बदलते, सेव्ह करते, आणि पडद्यावर बोट ठेवून नंबर मोठ्याने वाचते. दादाही तिच्यामागे उभा राहून वाचतो.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे गोष्टीच्या शेवटी वस्तूंची काळजी घ्या असं सांगतात. मला तेवढी उसंत नाही. एक गृहस्थ आहेत. केस पांढरे, शर्ट निळा, बोटांवर खळीचे पापुद्रे. नाव विचारलंत तर कदाचित सांगता येणार नाही. त्यांच्या हातात एखादं पुस्तक द्या. उघडायच्या आधी त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला, तर त्यांना बसवून ठेवा आणि फोन करा. दुसरं गिऱ्हाईक आलं तरी नजर हलवू नका.

नंबर आता बरोबर आहे.