काकूंच्या गालावरचा तीळ

भट्टीचं दार उघडलं आणि अंगणातली पन्नास माणसं एकदम "आई गं!" म्हणाली. काल सगळ्यांसमोर आत ठेवलेली चिनी मातीची कोरी पांढरी थाळी आज बाहेर आली, तर तिच्यावर घड्याळवाल्या काकांची बायको! तीन महिन्यांपूर्वी गेलेली.

"आत्म्याला बाराशे डिग्रीच लागते," भट्टीबाबा म्हणाले. "अकराशेला नुसते पाय येतात."

काका थाळी छातीशी धरून उभे. मी त्यांची शेजारीण. काकू गेल्यापासून भिंतीपलीकडून दुरुस्तीला आलेल्या घड्याळांची टिकटिक तेवढी ऐकू यायची, माणसाचा आवाज नाही. म्हणून थाळी बघून शंका आली तरी मी गप्पच बसणार होते. पण काकांनीच विचारलं, "अगं, हिच्या गालावर तीळ कुठे होता?"

"वरती गेल्यावर येतो!" बाबा तयारच.

"काका, काकूंचा फोटो कुठाय?"

"बाबांकडे, जपासाठी. एकच होता गं."

"त्यावर काही सांडलं होतं?"

काका चाचरले. "घड्याळाचं तेल. एकच थेंब. गालावर."

मी पोटापाण्यासाठी कपबश्या रंगवते. किराणावाल्याच्या वारलेल्या वडिलांसाठी मांडून ठेवलेली उद्याची कोरी थाळी उचलली आणि नखाने खरवडली. पांढरी पूड झडली, खालून मिशी निघाली. अर्धीच.

"अप्पांची मिशी!" किराणावाला किंचाळला.

"आत्मा जरा... लवकर पोचला," बाबा पुटपुटले.

"गार थाळीत? अहो, फोटो बघून आधी चित्र काढायचं. वरून ग्लेझ फासायचं, म्हणजे काचेची पूड पाण्यात कालवून. वाळलं की चुन्यासारखं पांढरं, खालचं काही दिसत नाही. भट्टीत वितळलं की आरपार काच! मी रोज शंभर बश्यांवर अशीच फुलं उमलवते, माझ्या कुणी पाया पडत नाही."

हशा पिकला. झोळीतून फोटो निघाला, तेलाच्या डागासकट. बाबा मागच्या दाराने अंतर्धान पावले. दिवसभरातला खरा चमत्कार तेवढाच.

गर्दी हसत, बोलत, जोडीजोडीने पांगली. काका उरले. एका हातात फोटो, एका हातात थाळी.

"म्हणजे ती आली नव्हती."

"नाही, काका. गेलेलं माणूस येत नाही. भट्टीतूनही नाही, कुठूनच नाही. आणून दाखवतो म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, फोटो कशाला हवाय?"

काकांनी थाळीवरच्या तिळावरून बोट फिरवलं.

"बिनतिळाची काढून देशील? माझ्यासमोर. कसं करतात ते सगळं दिसू दे मला."

"दोन-तीन दिवस लागतील. माझ्याजवळ बसावं लागेल."

"बसेन की," काका म्हणाले. "मला कुठे जायचंय?"