रफू केलेली भिंत

मी भिंतीतला तडा बोलतोय. तुमच्या भाषेत तडा नेहमी 'जातो'. काचेला तडा गेला, मैत्रीला तडा गेला. मी मात्र कुठेही गेलेलो नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या याच खोलीत आलो आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीकडे तिरपा उतरत राहिलो.

माझा जन्म शेजारच्या खड्ड्यामुळे झाला. बाजूला नवी इमारत उभी करायची म्हणून पायासाठी खोल खणलं आणि आमची बाजू किंचित खचली. सुरुवातीला मी केसाएवढा होतो. तेव्हाचे मालक भूगोलाचे निवृत्त मास्तर. ते माझ्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहायचे. दर महिन्याला चष्मा कपाळावर सरकवून बघायचे आणि "वाढतोय हं," एवढंच म्हणायचे. आपली वाढ कुणीतरी टिपून ठेवतंय, याचं मला बरं वाटायचं.

मास्तर वारले. मुलगा परगावी, त्याला घर विकून मोकळं व्हायचं होतं. त्याने बोलावलेल्या रंगाऱ्याने माझ्यात पुट्टी भरली, घासली, वरून फिकट पिवळा रंग दिला आणि न विचारताच सांगून टाकलं, "साहेब, हे परत उघडणार."

"व्यवहार होईपर्यंत टिकलं म्हणजे झालं," मुलगा म्हणाला.

गिऱ्हाईक आणलं एका दलालाने. त्याला सगळे 'साडू' म्हणायचे, कारण कुणीही भेटलं की तो आधी सांगायचा, "बँकेतले कर्जवाले साहेब माझे साडू." घर विकलं की त्याला मालकाकडून दलाली आणि कर्ज मंजूर झालं की बँकेकडूनही काहीतरी. साहेबांनाही वर्षाला अमुक इतकी कर्जं द्यायचीच होती. एकूण साडूंची चांदी होती.

गिऱ्हाईक म्हणजे रुग्णालयातली एक नर्स आणि तिचे वडील. वडिलांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. भाड्याची घरं बदलून ती कंटाळली होती आणि वडिलांच्या शिवणयंत्राला एक कायमचा कोपरा हवा होता. ती खिडकीतून बाहेर बघत होती तेव्हा वडील भिंतीवरून हात फिरवत होते. माझ्यावर येऊन बोटं थांबली.

"इथे रफू केलंय गं."

"बाबा, भिंतीला कोण रफू करतं?"

"कापड असो नाहीतर भिंत, बोटाला जोड कळतो."

साडू मोकळेपणाने हसला. "काका, बँकेचा माणूस येऊन बघणार आहे. घरात खोट असेल तर बँक स्वतःचे पैसे घालेल का?"

हे तिला पटलं. वडिलांनाही पटल्यासारखं झालं.

बँकेचा माणूस म्हणजे घराची किंमत ठरवणारा. त्याला त्याचं काम येत होतं, हे मी आधीच सांगतो. त्याने बोटाच्या पेराने भिंत ठोकली. मी पोकळ वाजलो. खाली बसून त्याने फरशीचा उतार पाहिला आणि खोलीतूनच फोन लावला. "साहेब, ही बाजू खचलीय. चौतीस लाखांच्या वर जात नाही."

पलीकडचा आवाज चांगलाच मोठा होता. "सौदा बेचाळीसला ठरलाय. तेवढे बसवा. महिन्याची पंधरा-वीस कामं आम्ही तुम्हालाच देतो ना? जमत नसेल तर तसं सांगा, बसवणारे पुष्कळ आहेत."

त्याने फोन खिशात टाकला. मग सोबत आलेल्या साडूने मास्तरांचं लोखंडी कपाट माझ्यापुढे सरकवलं आणि बँकेच्या माणसाने फोटो काढला. कागदावर 'भिंती सुस्थितीत' असं लिहिलं. मला त्याचा राग आला नाही. दाब आला की काय होतं, हे तड्याला कुणी शिकवायला नको. पण या पाहणीची फी नर्सने भरली होती, तेवढं मात्र मनात राहिलं.

तिने छत्तीस लाखांचं कर्ज काढलं. उरलेले सहा वडिलांच्या साठवणीतले.

दीड वर्षात मी पुट्टी फोडून बाहेर आलो. शिवणयंत्र माझ्यासमोरच होतं. वडिलांनी माझ्यात सुई घालून पाहिली, ती अख्खी आत गेली. आठव्या दिवशी त्यांनी ते मुलीला दाखवलं. नंतर ती बँकेत जाऊन आली आणि पर्स पलंगावर फेकून म्हणाली, "ते म्हणतात, किंमत आम्ही आमच्यासाठी काढतो. ग्राहकाने आपलं घर आपण तपासायचं."

मग तिला परगावच्या मोठ्या रुग्णालयातून बोलावणं आलं. मुख्य परिचारिकेची जागा होती, जिची ती दहा वर्षं वाट बघत होती. इथला हप्ता भरून तिथलं भाडं झेपणार नव्हतं, त्यासाठी हे घर विकायला हवं होतं. या वेळी तिने स्वतःच किंमत काढणाऱ्या एका बाईंना बोलावलं. बाईंनी यंत्र बाजूला करायला लावलं, मला मोजलं, जिना उतरून पाया पाहून आल्या. "अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती करायची तर अख्ख्या इमारतीने मिळून पैसे घालायला हवेत." कर्ज अजून चौतीस लाख बाकी होतं.

"मॅडम, थोडं वाढवून नाही का लिहिता येणार?"

"येईल की. पण मग घेणाऱ्याला मी काय सांगू?"

बाई गेल्या. घर विकायचंय हे कानावर गेल्याने संध्याकाळी साडूचा फोन आला. यंत्र जोरात चालू होतं म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. "ताई, कशाला काळजी करता? आमच्याच माणसाला पाठवतो, चव्वेचाळीस बसवू. तुम्ही फक्त एखादं कपाट त्या तड्यापुढे ठेवा."

यंत्र थांबलं. "आणि घेणारी पोर कुणाची असेल?" वडिलांनी विचारलं.

"मग माझं काय, बाबा?" ती ओरडलीच. "माझा विचार कुणी केला होता?"

वडील यंत्रातलं कापड सोडवू लागले. इतकी वर्षं मी माणसांकडे लांबून बघत आलो, पण त्या क्षणी मला फार वाईट वाटलं.

आज मी नऊ मिलिमीटर रुंद आहे. माझी विनंती एवढीच. घर बघायला जाल तेव्हा कपाटं सरकवून बघा. आणि किंमत ठरवायला आलेल्या माणसाला कुणी पाठवलंय आणि सौदा मोडला तर त्याचं काय बिघडतं, तेही विचारा. माझ्यासारखे तडे वेळीच दिसले तर कुणाचं फारसं नुकसान करत नाहीत.

आज सकाळी ती माझ्याजवळ उभी राहून फोनवर बोलत होती. साडूला तिने कालच नाही म्हणून सांगितलं होतं. हा फोन परगावच्या रुग्णालयाला होता. "नाही मॅडम, मला नाही येता येणार... नाही, पगाराचं काही नाही. घरची अडचण आहे."

घरची अडचण म्हटलं की ऐकणारा घरातलं आजारपण समजतो. पलीकडच्या बाईंनीही तेच समजून वडिलांची चौकशी केली असावी.

"बाबा बरे आहेत," ती म्हणाली. "अगदी ठणठणीत आहेत."