सूचकाची सही

मी तापट माणूस आहे, दाजीबानपेठेत कुणालाही विचारा. पण त्या दुपारचा राग निराळा होता.

आमच्या कापड व्यापारी संघाच्या अध्यक्षपदाला माझा मित्र सदाशिव पुन्हा उभा होता. संघाचा रिवाज असा की अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्ष स्वतः निवडतो आणि दोघं जोडीनं मतं मागतात. यंदा आधीचे उपाध्यक्ष वयामुळं बाजूला झाले होते. आता सदाच्या जोडीला मीच, यात शंका कसली? बावीस वर्षं त्याच्यासाठी दुकानोदुकानी हिंडलो, भांडलो, एकदा मारही खाल्ला. मी तर नवा शर्टसुद्धा शिवून घेतला होता.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सदानं मला दुकानात बोलावून कागद पुढं केला. उपाध्यक्षपदाला नाव होतं शुभांगीचं. वडिलांचं साड्यांचं दुकान चालवणारी, जेमतेम चाळिशीची, आणि दर सभेत उठून सदालाच आडवी जाणारी! खाली सूचकाची जागा रिकामी होती. तिथं सही मी करायची होती.

मग काय, माझी जीभ सुटली. कन्नड दुकानदार तिला मानतात म्हणून मला वगळलंस, गरज सरो नि वैद्य मरो, तोंडाला येईल ते बोललो. सदानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून दवाखान्याची फाइल काढली. पोटात गाठ होती, पसरलेली. डॉक्टर वर्षाचीही खात्री देत नव्हते. त्याच्या बायकोला, इंदुमतीवहिनींना, आणि शुभांगीला ठाऊक होतं. मला तो सगळ्यात शेवटी सांगत होता, आणि ते मला गाठीपेक्षा जास्त लागलं. आज त्याची लाज वाटते.

मग उभा तरी कशाला राहतोस, असं मी विचारलं. शुभांगी एकटी उभी राहिली तर पडेल, त्याच्यासोबत निवडून येईल, आणि तो गेल्यावर उपाध्यक्ष म्हणून अध्यक्षपद तिच्याकडंच येईल, असं तो म्हणाला. तिनं अट घातली होती: मतदानाआधी आजार भर सभेत सांगायचा, नाहीतर ती येणार नाही.

"तिच्या जागी तू असतास तर लपवलं असतंस, गोप्या," सदा म्हणाला. "आणि आठवतंय ना? सदा नसेल त्या दिवशी संघाची पायरी चढणार नाही, असं तू सभेत म्हणाला होतास. तू शब्द पाळशील. मग पेठ मी कुणाच्या हवाली करू?"

त्या वाक्याला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. मी सही केली. कागदावर पाणी पडलं ते सदानं पंच्यानं टिपलं आणि म्हणाला, होगली बिडो, जाऊ दे.

सभेत त्यानं सगळं सांगितलं. तरी दोघं निवडून आले. श्रावणात सदा गेला.

तेराव्यानंतर शुभांगी माझ्या दुकानात आली. सोमवारी अध्यक्ष म्हणून तिची पहिली सभा होती. मी शब्दात अडकलोय, असं तिला सांगितलं.

"गोपाळअण्णा, मला मान डोलावणारे पुष्कळ मिळतील," ती म्हणाली. "चुकले तर आडवं जायला कुणीतरी हवं. मी त्यांना जात होते तसं."

बावीस वर्षांत मी सदाला एकदाही नाही म्हणालो नव्हतो. सोमवारी तो नवा शर्ट घातला आणि संघाची पायरी चढलो.