न हलणारी लाट

फोन आला तेव्हा तो वेधशाळेच्या गच्चीवर यंत्राची काच पुसत होता. मेहुणी दवाखान्यातून बोलत होती.

"भाऊजी, ताई गेली."

त्याने फोन खिशात टाकला, झाकणाचे उरलेले दोन स्क्रू आवळले आणि मग जिना उतरला. त्या दोन स्क्रूंचा राग पुढे कितीतरी दिवस त्याच्या डोक्यातून गेला नाही.

तीन आठवड्यांनी वेधशाळेचे साहेब घरी आले, बायकोची फाइल घेऊन. ती त्याच वेधशाळेत होती. नव्वद किलोमीटर वरच्या हवेच्या मंद उजेडावरून तिथल्या तापमानाचे आकडे ती लावायची, यंत्रं तो सांभाळायचा. त्याने साहेबांना बसा म्हटलं नाही.

"आता कशाला आणलीत? जिवंत होती तेव्हा वेड्यात काढलंत तिला."

साहेब उभेच राहिले.

तिचं म्हणणं साधं होतं. वरच्या हवेतल्या बऱ्याच लाटा सरकत जातात. आज इथे ऊब, चार दिवसांनी पुढच्या वेधशाळेवर. पण एक लाट, अख्ख्या पृथ्वीला वेढा घालणारी, हिवाळाभर जागची हलत नाही. तिचा उबदार भाग नेमका आपल्या डोक्यावर असतो, म्हणून आपलं तापमान इतर वेधशाळांपेक्षा आठ अंश जास्त येतं. कार्यालयाने ते आठ अंश यंत्राचा दोष धरले आणि तिच्या सगळ्या आकड्यांतून वजा केले. लाट कागदावरून पुसली गेली.

घरी तो तिला चिडवायचा, "लाट तशी बाई. दोघी हट्टी, जागच्या हलायच्या नाहीत."

"हलत नाही म्हणूनच तुम्हाला दिसत नाही," ती म्हणायची.

"दोष आहे म्हणून कुणी ठरवलं?" आता त्याचा आवाज चढला. "खुर्चीत बसल्या बसल्या? नाव सांगा मला. त्याची गय करणार नाही मी."

साहेबांनी फाइल उघडून टेबलावर ठेवली. पहिल्याच पानाला एक चिठ्ठी टाचलेली होती. 'यंत्र तपासले. आठ अंश जास्त दाखवते.' खाली त्याची सही.

"मी तुम्हाला पुन्हा विचारणार होतो," साहेब म्हणाले. "त्याच म्हणाल्या, राहू द्या सर. यांनी तपासलंय म्हणजे तपासलंय."

तो चिठ्ठीकडे बघत राहिला. त्या दिवशी गच्चीवर थंडी बोचत होती. यंत्र उतरवून तपासणीच्या, ठरलेल्या उजेडाच्या दिव्यासमोर लावायचं म्हणजे सबंध दिवस मोडतो. फरक रोज तेवढाच येतोय, म्हणजे दोषच असणार, दुसरं काय. त्याने झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

"निघा तुम्ही," तो म्हणाला. मग ओरडला, "निघा म्हणतोय ना!"

साहेब दार लोटून गेले. फाइल टेबलावरच राहिली.

यंत्र अजून गच्चीवर आहे. दिव्यासमोर ते एकदाही लावलेलं नाही.