शेवटचा तास

सातवी शिडी नाझिहाने स्वतः झाडाला टेकवली, पण चढायला कुणीच नव्हतं. खाली अंथरलेल्या चादरीवर कडू नारिंगाची कालची फुलं पिवळी पडून गळली होती. वर आजची उमलली होती, तीही दोन दिवसांची सोबती.

वडिलांच्या साठ झाडांना तिने यंदा शेजारची दोनशे झाडं खंडाने घेऊन जोडली होती. अत्तराच्या कारखान्याने पहिल्यांदाच एवढी मोठी मागणी दिली होती. या आठवड्यात फुलं पोचली नाहीत, तर कारखाना दुसरी बाग बघणार होता. मजुरीही तिने आपणहून वाढवली होती. तरी वीस बायकांतल्या सहाच आल्या.

ती तडक हनिया मावशीकडे गेली. मावशी वडिलांच्या काळापासूनची तोडणीची मुकादम. उंबऱ्यात बसून निवांत मटार सोलत होती.

"आजारी आहेस का मावशी?"

"धडधाकट आहे. बस, चहा ठेवते."

"तिकडे बहर गळतोय आणि तुला चहा सुचतोय!"

"तू चहा नको म्हणालीस म्हणून गळायचा थांबेल का?"

अंगणात अर्क काढायचं तांब्याचं भांडं पालथं घातलेलं होतं. बहराच्या दिवसांत नाबल गावातल्या कुठल्याच घरात ते पालथं नसतं.

"यंदा फुलांचं पाणी काढलं नाहीस?"

"फुलं कुठायत?"

दिवसाचा शेवटचा तास बायकांनी आपापल्या घरासाठी फुलं तोडायची, ही वडिलांची रीत. कारखान्याला एकूण एक फूल हवं होतं, म्हणून नाझिहाने यंदा ती बंद केली होती आणि त्याबदली मजुरी वाढवली होती.

"त्याचे पैसे दिलेत की. बाजारातून घे."

"आणि सून बाळंत झाली की पाहुण्यांपुढे बाजारचं पाणी ठेवू? लोक म्हणतील, जन्मभर फुलं तोडली आणि घरात थेंब नाही. पलीकडचा बागवाला मजुरी कमी देतो, पण फुलं नेऊ देतो. बाकीच्या सगळ्या तिकडे गेल्यात."

"तू नाही गेलीस?"

"तुझ्या बापाची बाग ओलांडून पुढे जायला पाय उचलत नाही."

नाझिहाला मनापासून लाज वाटली. तिने मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला बसली.

"शेवटचा तास तुमचा. मजुरी आहे तीच राहील. सांगशील त्यांना?"

"सांगते. आता तरी चहा घे."

दुसऱ्या दिवशी चौतीस जणी आल्या. कुणी बहिणीला आणलं होतं, कुणी सुनेला. फडकंभर फुलांसाठी त्या दिवसभर राबायला तयार होत्या. दुपारपर्यंत कारखान्याची गाडी भरून गेली. नाझिहाचा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या तासाला बायकांचे हात दुप्पट चालू लागले, आणि तोंडं चौपट. बघता बघता नाझिहाच्या लक्षात आलं, वडील गेल्यापासून आपल्या घरातही फुलांच्या पाण्याची बाटली भरलेली नाही. सगळी फुलं विकली होती. तिने कमरेला फडकं बांधलं आणि झाडाकडे निघाली.

"कुठे निघालीस?" मावशीने हटकलं.

"माझ्या घरासाठी घेते थोडी."

"सकाळी कुठल्या झाडावर होतीस?"

"मी? मी वजनं करत होते."

"मग नाही मिळायची. तुझा बापसुद्धा सकाळी तोडायचा, तेव्हा कुठे संध्याकाळी न्यायचा."

बायका फिदीफिदी हसल्या. झाडं माझी आहेत, हे नाझिहाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

"उद्या सहाला ये."

नाझिहाने फडकं सोडून घडी घातली.

"येते, मावशी."